इट्स गॉना रेन

अमेरिकी संगीतकार स्टीव्ह राइश (जन्म १९३६) यांची केवळ ध्वनिफितीवर रचलेली, दोन भागांची कृती. जानेवारी १९६५ मध्ये ती पूर्ण झाली आणि त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटरमध्ये प्रथम सादर झाली. सुमारे अठरा मिनिटांच्या या कृतीत एकही वाद्य नाही. सगळे संगीत एका माणसाच्या बोलण्यातून उभे राहते. हा आवाज ब्रदर वॉल्टर या कृष्णवर्णीय पेंटेकोस्टल धर्मोपदेशकाचा. १९६४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये ते बायबलमधील नोहा आणि महापुराची कथा सांगत असताना राइश यांनी ती ध्वनिमुद्रित केली. ‘पाऊस येणार आहे’ या अर्थाचे वॉल्टर यांचे शब्द कृतीचे शीर्षक झाले. जवळच्या एका कबुतराच्या पंखांची फडफडही फितीत उतरली आणि आवर्तनांत ती तालवाद्याचे काम करते.

फितीच्या तुकड्याची दोन टोके चिकटवली की तयार होणारे वेटोळे, म्हणजे टेप लूप, यंत्रावर अखंड फिरत राहते. राइश यांनी एकाच वाक्याची दोन लूप दोन टेपरेकॉर्डरांवर लावली. एकातील शब्दावर दुसऱ्यातील वेगळा शब्द नेमका बसवायचा, एवढाच मूळ बेत होता. पण योगायोगाने दोन्ही यंत्रे एकदम सुरू झाली आणि वेगातील किंचित फरकामुळे हळूहळू मागेपुढे सरकू लागली. प्रथम आवाज एका कानाकडे कलल्याचा भास होतो, मग घुमारा, मग प्रतिध्वनी आणि शेवटी पाश्चात्त्य संगीतातील कॅननसारखा स्पष्ट पाठलाग ऐकू येतो. ‘फेजिंग’ नावाने ओळखले जाणारे राइश यांचे तंत्र या निरीक्षणातून जन्मले.

पहिल्या भागात दोन्ही आवाज दूर जाऊन पुन्हा एकत्र येतात. दुसरा भाग अधिक भेदक आहे. नौकेचे दार बंद झाल्यावर बाहेर राहिलेल्या लोकांचा आक्रोश सांगणारा मजकूर तिथे दोन, मग चार, मग आठ आवाजांत विरघळत जातो. शब्द ओळखू येईनासे होतात, उरतो तो नुसता कल्लोळ. आणि आवाजांचा पुन्हा मेळ बसतच नाही. १९६२ च्या क्यूबा क्षेपणास्त्र पेचानंतरची अणुयुद्धाची धास्ती राइश यांनी या भागाशी जोडली आहे.

छोट्या आकृतींच्या पुनरावृत्तीची प्रेरणा राइश यांना संगीतकार टेरी रायली यांच्याकडून मिळाली. नोव्हेंबर १९६४ मध्ये रायलींच्या ‘इन सी’ या कृतीच्या पहिल्या प्रयोगात राइश स्वतः वाजवत होते. ‘कम आउट’ (१९६६) या कृतीत त्यांनी फेजिंगचे तंत्र पुन्हा फितीवर वापरले. यंत्राचे हे सरकणे हाडामांसाच्या वादकांना साधेल का, हा पुढचा प्रश्न होता. ‘पियानो फेज’ने (१९६७) त्याला होकारार्थी उत्तर दिले, आणि राइश यांची वाट फितीकडून वाद्यांकडे वळली. ‘इट्स गॉना रेन’ची ध्वनिमुद्रिका कोलंबिया कंपनीने १९६९ मध्ये काढली. लूपवर आधारलेल्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’चे (१९७८) कर्ते ब्रायन ईनो यांनी या कृतीचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे.