दाभोळ ते मस्कत : अंतर आणि प्रवासकाल

दोन स्थळांमधील अंतर कायम राहते. ते ओलांडण्यास लागणारा काल मात्र युगपरत्वे बदलतो. ह्या बदलाचा अभ्यास करण्यास रत्नागिरी जिल्ह्यातील वेळणेश्वर आणि त्याचा परिसर विशेष उपयुक्त आहे. संस्कृत ‘वेला’ ह्या शब्दास समुद्रतीर, भरती व काल असे तिन्ही अर्थ आहेत. ग्रामनामाची व्युत्पत्ती त्यावरूनच लावावी असा आग्रह येथे नाही. तथापि ह्या किनाऱ्यावरील प्रवासाचा काल शतकानुशतके समुद्र व वारा हेच ठरवीत आले, हे निर्विवाद होय.

वेळणेश्वराच्या उत्तरेस, सरळ रेषेने वीस-पंचवीस किलोमीटरांवर, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ आहे. बहमनी काळात अरबस्तान व इराण येथील घोड्यांच्या व्यापाराशी निगडित असलेले हे मोठे बंदर होते. त्वेर येथील रशियन व्यापारी अफानासी निकितिन हा इ. स. १४७० नंतरच्या काही वर्षांत परतीच्या प्रवासास येथूनच निघाला. त्याच्या वृत्तान्तानुसार महिनाभर जमीन दिसली नाही. पुढे हबसाणाचे डोंगर दिसले. तेथे पाच दिवस थांबून बारा दिवसांनी तो मस्कतला व आणखी नऊ दिवसांनी होर्मुझला पोहोचला. म्हणजे दाभोळ ते मस्कत ह्या सुमारे १,६५० किलोमीटरांच्या सरळ अंतरास जवळजवळ दीड महिना लागला.

हे गलबत मार्गापासून बरेच दूर गेले होते, हे खरे. परंतु अनुकूल वेळीही प्रस्थान ऋतूवर अवलंबून असे. हिवाळ्यातील ईशान्येचे वारे पश्चिमेकडे जाण्यास साह्य करीत, आणि पावसाळ्यात किनारा बंद होई. वारा चुकला म्हणजे काही महिने खोळंबा होई व गुंतविलेले भांडवल अडकून पडे.

इ. स. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी दाभोळ जाळले. पुढील शतकांत सागरी व्यापाराचे केंद्र प्रथम सुरतेकडे व नंतर मुंबईकडे सरकले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ह्यांनी कराचीहून टपाल घेऊन जुहू येथे विमान उतरविले, आणि मुंबई आकाशमार्गाचेही द्वार बनली. आज मुंबई व मस्कत ह्या विमानतळांमधील सुमारे १,५९० किलोमीटरांचे उड्डाण अडीच-तीन तासांत होते. वाऱ्याचा प्रभाव अजूनही उरला आहे. मुंबईहून लंडनला जाण्यास परतीपेक्षा सामान्यतः अधिक वेळ लागतो, कारण उंचावरील वारे पश्चिमेकडून वाहतात.

परंतु वेळणेश्वराहून आखातात नोकरीस जाणाऱ्या प्रवाशाचा हिशेब एवढ्याने पुरा होत नाही. मुंबई सरळ रेषेने सुमारे १८० किलोमीटर असली, तरी खाड्या व घाटवळणे ह्यांमुळे रस्त्याने सहा-सात तासांहून कमी वेळ क्वचितच लागतो. पंधराव्या शतकात बंदर जवळ होते व समुद्र दीर्घ होता. आज समुद्र आखूड झाला असून विमानतळ दूर आहे. प्रवासातील वेगाची वाढ सर्व स्थळांस समप्रमाणात लाभत नाही. ती द्वारांच्या स्थानावर अवलंबून असते. म्हणून कोकणच्या दळणवळणाचा इतिहास लिहिताना दोन बंदरांमधील काळाबरोबरच घर ते बंदर ह्या वाटेचा काळही मोजला पाहिजे.