पाच दिवसांचा बैल आणि अकरा महिन्यांची बॅटरी

आजची गोष्ट कुंभकोणमची. तंजावरच्या भोसल्यांच्या त्या मुलखात आजही मराठी बोलणारी घरं आहेत. माझा मावसभाऊ त्यातल्याच एका घरचा जावई, तिथेच स्थायिक झालाय. त्याने विजेवर चालणारी कार घेतली, चौदा लाखांची. देवळासमोर उभी करून चाकांखाली लिंबं चिरडली. अकरा महिन्यांत गाडीच लिंबू निघाली.

अमेरिकेत सदोष गाडीला ‘लेमन’च म्हणतात, म्हणून म्हटलं. १९८२ साली कनेक्टिकट राज्याने ‘लेमन लॉ’ केला: ठराविक वेळा दुरुस्ती करूनही दोष जात नसेल, तर गाडी बदलून द्या नाहीतर पैसे परत करा. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. पण विचार मात्र फार जुना आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीत विकत घेतलेली वस्तू पारखायची मुदत दिलीय. बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, ओझं वाहणाऱ्या जनावराला पाच, रत्नाला सात, दुभत्या जनावराला तीन. (त्याच यादीत दास-दासीही आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही.) याच स्मृतीवर विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत ‘मिताक्षरा’ लिहिली. मला या यादीत एक शहाणपण दिसतं. लोखंड हातात घेतलं की कळतं, बैल मात्र जुंपून बघावा लागतो. दोष जितक्या उशिरा दिसतो, तितकी मुदत मोठी. आता सांगा, सीलबंद बॅटरीला किती दिवस द्यायचे?

भावाची गाडी एका चार्जमध्ये २८० किलोमीटर जायची, ती १७० वर आली. चार वेळा सर्व्हिस सेंटरला नेली. दरवेळी ‘सॉफ्टवेअर अपडेट केलंय सर’. त्याच्याकडची जॉब कार्डं बघितली आणि कपाळावर हात मारला. चारांपैकी एकावरच तक्रार लिहिलेली, बाकी तिन्हींवर ‘नियमित सर्व्हिस’! म्हटलं, अरे, हे कागद म्हणजेच तुझे साक्षीदार.

१९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने एक मोठी सोय केली: ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करू शकतो. म्हणून भावाला कंपनीच्या शहरात जावं लागलं नाही, तंजावरचा जिल्हा आयोग पुरला. फी ४०० रुपये. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची.

अडचण पुढे आहे. २००६ साली मारुतीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की क्लचमध्ये दोष असेल तर क्लच बदला, अख्खी गाडी नव्हे. कंपनीचे वकील तेच पुढे करतात. माझ्या मते बॅटरीला क्लचच्या मापाने मोजणं चूक आहे. विजेच्या गाडीतला सगळ्यात महाग भाग तोच. तरी भावाला मी सांगितलं, आधी नवी बॅटरी माग, ते जमत नसेल तर पैसे परत. कारण उत्पादनातला दोष सिद्ध करायची जबाबदारी शेवटी त्याच्यावरच येते.

कंपनीचं उत्तर आलंय: फास्ट चार्जिंग जास्त केलंत. त्यावर भावाने घरच्या चार्जिंगच्या नोंदी जोडल्या आणि बॅटरी प्रयोगशाळेत तपासावी असा अर्ज दिला. आयोगाला तसा अधिकार आहे. अर्जावर पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. तोवर तो बसने कामाला जातो, गाडीचा हप्ता मात्र चालूच आहे.