स्पिन्स्टर : कातणारणीची घोडनवरी कशी झाली?



मागच्या महिन्यात आमच्या गटातली एक ताई इंग्रजीतलं प्रतिज्ञापत्र घेऊन माझ्याकडे आली. वय एकेचाळीस, लग्न केलेलं नाही, शिलाई करून आईला सांभाळते. तिच्या नावापुढे एक शब्द टाइप केला होता : स्पिन्स्टर. "म्हणजे काय?" असं तिने विचारलं, तर टाइप करणारा हसून म्हणाला, "घोडनवरी." ताईने कागदाची घडी घातली आणि गप्प बसली. खरं सांगते, मलाही तेवढाच अर्थ माहीत होता. म्हणून वाचनालयात जाऊन जाडजूड शब्दकोश काढला, आणि त्या शब्दातून निघाला चक्क चरखा.

स्पिन म्हणजे सूत कातणं. पुढचं 'स्टर' हे जुन्या इंग्रजीत काम करणाऱ्या बाईसाठी लागणारं शेपूट. आपण माळ्याची माळीण करतो ना, तसं. फरक एवढाच, की आपली माळीण पुष्कळदा नुसती माळ्याची बायको असते. ही बाई मात्र स्वतःच्या कामाने ओळखली जायची. कापड विणणारी वेबस्टर, बिअर बनवणारी ब्रूस्टर, पाव भाजणारी बॅक्स्टर. पुढे हे शब्द पुरुषांनाही लागू झाले आणि आज ती नुसती आडनावं उरली आहेत. ज्या वेबस्टरची डिक्शनरी प्रसिद्ध आहे, त्याच्या आडनावात एक विणकरीण बसली आहे, बरं का!

चौदाव्या शतकात विल्यम लँगलंडने 'पिअर्स प्लाउमन' नावाचं मोठं काव्य लिहिलं. त्यात लोभ नावाचं एक पात्र आहे. त्याची बायको लोकरीचं कापड तयार करते आणि सूत स्पिन्स्टरांकडून कातून घेते. मजुरी देताना ती जे वजन वापरते, ते खऱ्यापेक्षा पाव हिश्शाने जड. म्हणजे बायकांनी सव्वा पौंड कातायचं आणि मजुरी एका पौंडाची घ्यायची. वजनात मारणं काय असतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण बघा, या काव्यात स्पिन्स्टर म्हणजे फक्त कातणारी मजूर. तिचं लग्न झालंय की नाही, हे कुणी विचारत नाही.

त्या काळी इंग्लंडचा मोठा व्यापार लोकरीचा. एका विणकराला सूत पुरवायला कितीतरी कातणाऱ्या लागत. लग्न झालेल्या, विधवा, सगळ्याच कातायच्या. पण जिला नवऱ्याचा आधार नाही तिचं पोटच त्यावर. सतराव्या शतकापर्यंत कायद्याच्या कागदांत अविवाहित बाईच्या नावापुढे हाच शब्द लिहायची रीत पडली. मग चरख्याला कधी हात न लावलेली व्यापाऱ्याची मुलगीही कागदावर कातणारीण झाली.

आता इथे गंमत आहे. इंग्लंडच्या कायद्यात लग्न झालं की बाईची स्वतंत्र ओळख नवऱ्यात विरून जायची. तिची कमाई नवऱ्याची. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे. स्पिन्स्टरला मात्र हे सगळं करता येई. जमीन घेणं, मृत्युपत्र करणं, पैसे व्याजाने देणं. त्या काळच्या इंग्रजी शहरांत साठवलेले पैसे कर्जाऊ देणाऱ्या अविवाहित बायका होत्या, हे इतिहासकारांनी कागदपत्रांतून दाखवलं आहे. आपण गटात अंतर्गत कर्ज देतो, तेच काम. विवाहित बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचा पुरता हक्क मिळायला 1882 चा कायदा यावा लागला.

मग चेष्टा कधी सुरू झाली? अठराव्या शतकात 'लग्नाचं वय उलटलेली' असा अर्थ त्याला चिकटला. त्याच शतकात, 1764 च्या सुमारास, लँकेशायरच्या जेम्स हारग्रीव्ह्जने एकाच वेळी अनेक चात्या फिरवणारं यंत्र केलं, स्पिनिंग जेनी. पुढे गिरण्या आल्या आणि घरच्या चरख्याचं काम गेलं. काम गेलं, नाव राहिलं, आणि त्या नावात आता फक्त 'नवरा नाही' एवढंच उरलं. 1862 मध्ये विल्यम ग्रेग नावाच्या लेखकाने तर अशा बायकांना 'जास्तीच्या' ठरवून वसाहतींमध्ये पाठवून द्यावं, असं सुचवलं. जशी काही गोदामातली शिल्लक पोती! त्याच वर्षी फ्रान्सिस पॉवर कॉब या स्वतः अविवाहित असलेल्या लेखिकेने त्याला उत्तर दिलं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये डिसेंबर 2005 पासून विवाह नोंदवहीत स्पिन्स्टर लिहीत नाहीत. पुरुष असो की बाई, एकच शब्द, सिंगल. आपल्याकडच्या इंग्रजी कागदांतून मात्र तो अजून निघतो.

हे सगळं मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आधी ती कामाची बाई होती." मग आम्ही तो कागद पुन्हा उघडला. व्यवसायाच्या रकान्यात टाइप करणाऱ्याने न विचारताच 'घरकाम' टाकलं होतं. ताईने तो रकाना दुरुस्त करून घेतला : शिलाई.