किंकाळीचं कूळ

गाडीला महागडे ब्रेक बसवून घेतलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुधा आवाजाची असते. डिस्क मोठ्या केल्या, कॅलिपरला लाल रंग दिला, पॅड परदेशी आणले. आणि अमरावतीच्या राजकमल चौकात गाडी हळूहळू थांबवताना अशी चिर्रर्र किंकाळी उठते की पानठेल्यावरची मंडळी मान वळवून बघतात. ‘भाऊ, तुह्ये ब्रेक बोंबलून रायले,’ असं कुणीतरी सांगतंच. गाडीवाला वैतागून गॅरेज गाठतो. मिस्त्री पॅड काढून कडा घासून देतो, मागच्या पत्र्याला ग्रीस लावतो. आठवडाभर शांतता असते, मग पुन्हा तेच.

या किंकाळीला सव्वाशे वर्षांची वंशावळ आहे. डिस्क ब्रेक जन्मला तोच किंचाळत.

1902 साली बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. चाकाबरोबर फिरणारी पातळ धातूची चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी आवळणारे जबडे (आजच्या भाषेत कॅलिपर), ही कल्पना आजच्या ब्रेकहून फार वेगळी नव्हती. पण जबड्यांना अस्तर होतं तांब्याचं. धातूवर धातू घासला की काय होतं ते सांगायला नको. शिवाय तेव्हाचे रस्ते धुळीचे, त्यामुळे तांबं भराभर झिजायचं. कल्पना बरोबर असूनही पन्नास वर्षं मागे पडली. गंमत अशी की पुढे इंजिनाच्या क्रँकशाफ्टची थरथर जिरवणारा डँपरही याच माणसाने शोधला आणि तो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. त्याच्या ब्रेकची थरथर मात्र इतरांना जिरवावी लागली.

तो मान हर्बर्ट फ्रूडचा. इंग्लंडच्या डर्बीशर भागातल्या डोंगरउतारांवर गाडीवान चाकाला जुन्या बुटाचा तळ दाबून घोडागाडीचा वेग आवरत, ते पाहून त्याला ब्रेकचं अस्तर सुचलं, असं सांगतात. 1897 साली त्याने काम सुरू केलं. स्वतःच्या आडनावाची अक्षरं फिरवून त्यात बायकोच्या, एलिझाबेथच्या, नावातलं पहिलं अक्षर घातलं आणि ‘फेरोडो’ हे नाव तयार केलं. सुरुवातीची अस्तरं कशाची? डांबरात भिजवलेल्या कापसाच्या विणीची. वऱ्हाडचा कापूस त्या काळात विलायतेच्या बाजारात जातच होता, त्यामुळे एखादा धागा अकोल्याचा किंवा खामगावचा असेल असं लिहायचा मोह होतो. तो आवरलेला बरा. कापूस साधारण दीडशे अंशांपुढे जळू लागायचा, म्हणून 1908 च्या सुमारास त्याची जागा अ‍ॅस्बेस्टॉसने घेतली. हा तंतू उष्णतेला दाद देत नाही आणि लवचिकही असतो. ब्रेक शांत झाले ते तेव्हापासून, आणि त्या शांततेची किंमत कारखान्यातल्या कामगारांच्या फुप्फुसांनी मोजली.

मग डिस्क परतला शर्यतीतून. 1952 मध्ये स्टर्लिंग मॉसने डनलपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार सी-टाइप चालवून फ्रान्समधली रॅंसची शर्यत जिंकली. 1953 मध्ये ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांच्या जॅग्वारने बाकीच्यांना मागे टाकलं. जुन्या ड्रम ब्रेकवाले चालक वळणाच्या बरंच आधी पाय दाबत, कारण ड्रमच्या बंद डब्यात कोंडलेली उष्णता बाहेर पडत नाही आणि ब्रेक ‘विरतो’, म्हणजे पकड सोडतो. जॅग्वारवाले वळण अगदी जवळ आल्यावर दाबत, तेही तासन्‌तास. 1955 मध्ये सिट्रोएन डीएसने पुढच्या चाकांना डिस्क दिले आणि ही वस्तू मोठ्या संख्येने बनणाऱ्या घरगुती गाडीत आली.

ड्रम बंद असतो, डिस्क उघडी. जे उष्णतेच्या बाबतीत वरदान, तेच आवाजाच्या बाबतीत शाप. पॅड चकतीला क्षणभर धरतो, सुटतो, पुन्हा धरतो. हे सेकंदाला हजारो वेळा होतं. त्याची लय चकतीच्या किंवा कॅलिपरच्या स्वतःच्या कंपनाशी जुळली की अख्खी चकती वाजू लागते. हा आवाज साधारण 1 ते 16 किलोहर्ट्झमधला असतो आणि त्याचा खालचा भाग माणसाच्या कानाला सर्वांत जास्त टोचतो. गाडी हळू असताना, हलक्या पायाने दाबल्यावर तो निघतो. जोरात दाबला की गायब. म्हणून शर्यतीच्या मैदानावर कुणाची तक्रार नसते आणि चौकात सगळ्यांची असते.

अ‍ॅस्बेस्टॉस गेल्यावर आवाज परत आले. ते बंद करण्यासाठी पॅडच्या पाठीला रबर चढवलेला पत्रा लावला, कडांना उतार दिला, मधोमध चीर पाडली, मिश्रणात धातू कमी आणि सेंद्रिय तंतू जास्त घातले. कंपनीतून येणारी शांत गाडी म्हणजे या सगळ्या तडजोडींची बेरीज. परफॉर्मन्स पॅड ही बेरीज उलटी फिरवतो: धातू वाढवतो, उष्णता सोसतो, आणि लँचेस्टरच्या तांब्याचा आवाज काही अंशी परत आणतो. एक किंकाळी मात्र मुद्दाम बसवलेली असते. काही पॅडना पोलादी पट्टी असते. पॅड झिजला की ती चकतीला टेकून ओरडते. हिला ग्रीस लावून गप्प करू नये.

आपल्याकडे हे कूळ उशिरा पोचलं. अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या भरभराटीच्या काळात चारही चाकांना ड्रमच असायचे. तरुण पोरांच्या तोंडी ‘डिस्क’ बसला तो 1999 च्या हिरो होंडा सीबीझेडमुळे. ज्या ब्रेम्बो कंपनीवर एन्झो फेरारीने 1975 मध्ये आपल्या शर्यतीच्या गाड्यांचे ब्रेक सोपवले, तिचा कारखाना पुण्याजवळ चाकणला आला आणि तिचे ‘बायब्रे’ नावाचे कॅलिपर 2012 पासून केटीएम ड्यूकवर दिसू लागले. फोक्सवॅगन पोलो चाकणचीच. 145 अश्वशक्तीची अबार्थ पुंटो रांजणगावची, तिला चारही चाकांना डिस्क. ब्रेक बदलण्याच्या नादाला लागलेल्यांच्या या लाडक्या गाड्या महाराष्ट्रातच घडल्या.

वऱ्हाडाची वेगाची हौस मात्र जुनी. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, प्रसिद्धच आहे, आणि त्या छकड्याला ब्रेक नावाची वस्तूच नसते. आता पट डांबरावर आला. जून 2022 मध्ये अमरावती ते अकोला मार्गावर 75 किलोमीटर लांबीच्या एका लेनचं डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये धामणगाव रेल्वेजवळून जाणारा समृद्धी महामार्ग सुरू झाला. तिथे मोटारीला ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. बाराशे किलोची गाडी त्या वेगातून एकदा थांबवली की सुमारे 667 किलोज्यूल उष्णता निघते. दोन लिटर साधं पाणी उकळीला आणण्याइतकी ती असते, आणि तिचा बहुतांश भाग पुढच्या दोन चकत्यांत काही सेकंदांत शिरतो. वेग निम्मा असता तर ती चौथा हिस्सा निघाली असती.

पण सरळ रस्त्यावर असं एकदा थांबणं साध्या ब्रेकलाही जमतं. खरी परीक्षा चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना. सुमारे 700 मीटरची उतरण म्हणजे 120 च्या वेगातून बारा वेळा थांबण्याइतकी ऊर्जा. हवा, टायर आणि इंजिन त्यातला बराच वाटा खातात. पण गाडी न्यूट्रलमध्ये टाकणाऱ्या शहाण्याने इंजिनाचा वाटा ब्रेकच्या गळ्यात घातलेला असतो. साध्या पॅडची पकड साधारण 350 ते 400 अंशांनंतर ढासळते, पेडल टणक राहूनही गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल उकळलं तर याच्या उलट होतं: पेडल पोकळ होऊन खाली जातं. डॉट 4 ऑइल कोरडं असताना किमान 230 अंशांपर्यंत टिकतं, पाणी शोषल्यावर हीच मर्यादा 155 वर येते. आणि ते पाणी दर पावसाळ्यात हवेतून आपोआप शिरतं.

पायाला लागणारं हे पेडलही एका वेगळ्या घराण्यातून आलं. तेलाच्या दाबाचा ब्रेक माल्कम लॉकहीडचा; 1921 च्या ड्यूसेनबर्ग गाडीत तो आला. इंजिनाच्या व्हॅक्यूमने पायाला मदत करणारा बूस्टर बेल्जियमच्या आल्बेर देवांद्रचा, 1927 चा. रबरी नळी दाबाने किंचित फुगते, म्हणून पेडल मऊ लागतं. पोलादी जाळीची नळी लावली की ते दगडासारखं घट्ट होतं आणि मालक खूश होतो. थांबण्याचं अंतर तेवढ्यानं कमी होत नाही. ते शेवटी टायरवर ठरतं. कोऱ्या रेडियल टायरविना मोठी डिस्क म्हणजे नुसता दागिना. रेसचे पॅड तर थंड असताना कमीच धरतात, म्हणजे बाजारात जाताना तुमची गाडी आधीपेक्षा वाईट थांबते.

तेव्हा पैसे या क्रमाने घाला: आधी चांगले टायर, मग दर दोन वर्षांनी ताजं ब्रेक ऑइल, मग पॅड, आणि डिस्क सर्वांत शेवटी. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. चौकातल्या चिरचिरीला घाबरू नका. पण लोखंड खरडल्यासारखा आवाज प्रत्येक दाबाला येऊ लागला, तर त्याच दिवशी गाडी मिस्त्रीकडे न्या.