मुके नाणे आणि बोलकी वही

हातातले नाणे मुके असते. ते कोणाकडून आले, कोणाकडे गेले, हे ते कोणाला सांगत नाही. रोख पैसा वापरणाऱ्याला जो खासगीपणा लाभत असे तो कोणत्याही कायद्याने दिलेला नव्हता. तो धातूच्या नि कागदाच्या स्वभावातच होता. म्हणूनच त्याच्या रक्षणाची गरज फारशी कोणाला भासली नाही. पुढे पैसा बँकेच्या वहीत गेला, वही यंत्रात गेली, आणि आता खिशातले पाकीटही यंत्रात गेले आहे. जे आपोआप मिळत होते ते मागून घेण्याची पाळी आली. ही मागणी अमेरिकेतील व्यक्तिस्वातंत्र्यवाद्यांनी कशी मांडली आणि तिचे पुढे काय झाले, हा इतिहास आपणही समजून घेण्याजोगा आहे.

त्याचा आरंभ १९७० पासून धरावा. त्या वर्षी अमेरिकेत ‘बँक सिक्रसी ॲक्ट’ झाला. नाव गुप्ततेचे, पण काम नेमके उलटे! बँकांनी ग्राहकांच्या व्यवहारांच्या नोंदी जपून ठेवाव्यात आणि मोठ्या रोख व्यवहारांची वर्दी सरकारला द्यावी, असा त्याचा आशय. ही मर्यादा १०,००० डॉलर ठरली. पुढील पन्नास वर्षांत महागाईने डॉलर कितीतरी झिजला, पण तो आकडा हलला नाही. कायद्याचे अक्षर न बदलता जाळे मात्र बारीक होत गेले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. तेव्हा न्यायमूर्ती डग्लस यांनी आपले भिन्न मत नोंदवले. माणसाचे धनादेश पाहिले की त्याचा डॉक्टर, त्याचा वकील, त्याचा धर्मपंथ, त्याचे राजकीय सोबती, सारे कळून येते, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. परंतु १९७६ च्या मिलर खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. बँकेतील नोंदी ग्राहकाच्या नव्हेत, बँकेच्या आहेत. ग्राहकाने आपण होऊन माहिती दिली, तेव्हा ती सरकारकडे जाण्याचा धोकाही त्याने पत्करला, असा निवाडा झाला.

योगायोग असा की, त्याच वर्षी फ्रीडरिख हायेक यांचे चलनाच्या विराष्ट्रीयीकरणावरील पुस्तक लंडनमध्ये निघाले. चलन काढण्याची मक्तेदारी सरकारकडे नको, खासगी बँकांत त्यासाठी स्पर्धा असावी, हा त्यांचा विचार. हायेकांना चिंता होती ती चलनफुगवट्याची. ‘वही सरकारपासून दूर ठेवा’ ही मागणी आणि ‘पैसाच सरकारपासून दूर ठेवा’ हा विचार, हे दोन प्रवाह अद्याप वेगळे होते.

त्यांच्या संगमाची वाट एका गणितज्ञाने मोकळी केली. डेव्हिड चॉम यांनी १९८२ मध्ये ‘आंधळ्या सही’ची कल्पना मांडली. आतून कार्बन लावलेले बंद पाकीट बँकेपुढे ठेवावे. बँकेने वरून सही करावी. सही आतल्या कागदावर उमटते, पण कागदाचा क्रमांक बँकेला दिसत नाही. अशी नोट दुकानदाराकडून परत आली की बँक आपली सही ओळखते. नोट कोणाला दिली होती, हे मात्र तिला सांगता येत नाही. विशेष हे की, ही गुप्तता देणाऱ्यापुरतीच होती. घेणाऱ्याची जमा बँकेला दिसे, म्हणून लाचखाऊला तिचा लाभ थोडा. चॉम यांच्या ॲमस्टरडॅम येथील कंपनीचे हे चलन १९९५ मध्ये सेंट लुईसच्या मार्क ट्वेन बँकेने चालू केले. पण क्रेडिट कार्ड हाताशी असताना लोकांनी त्याची निकड मानली नाही. १९९८ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले.

दरम्यान १९९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात टिमोथी मे, एरिक ह्यूज, जॉन गिलमोर आदी मंडळी एकत्र आली. ‘सायफरपंक’ म्हणवणाऱ्या या मंडळींत व्यक्तिस्वातंत्र्यवादाचा जोर मोठा होता. कायद्याने दिलेले कायदाच काढून घेतो, तेव्हा हमी गणितात असावी, असा त्यांचा पक्ष होता. १६ वर्षांनी, २००८ मध्ये, सातोशी नाकामोटो या टोपणनावाने बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध झाला, आणि हायेक व चॉम यांचे प्रवाह एकत्र आले असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात त्याची खातेवही साऱ्या जगापुढे उघडी आहे! एकदा पत्त्यामागचा माणूस कळला की त्याचे मागचे सर्व व्यवहार वाचता येतात. शिवाय किल्ली सांभाळण्याचा त्रास नको म्हणून पुष्कळांनी आपली पाकिटे पुन्हा कंपन्यांच्या स्वाधीन केली. पेढीवाला गेला नाही. नाव बदलून परत आला.

या पक्षावर मोठा आक्षेप आहे, तो खंडणीखोर आणि करबुडव्यांचा. तो खराही आहे. परंतु दुसरी बाजूही विसरता येत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत कॅनडात ट्रकचालकांच्या आंदोलनाच्या वेळी आणीबाणीविषयक कायदा लागू झाला आणि न्यायालयाच्या हुकमावाचून लोकांची बँक खाती गोठवली गेली. तो कायदा लावणे असमर्थनीय होते, असा निर्णय तेथील संघीय न्यायालयाने दिला तो २०२४ मध्ये. तोवर आंदोलन कधीच संपले होते.

आपल्या देशात हा प्रश्न न्यायालयापुढे आला तेव्हा निराळी वाट निघाली. २००४ मध्ये कॅनरा बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मिलर निवाड्याचा तर्क मानला नाही. कागद बँकेत ठेवल्याने माणसाचा खासगीपणा संपत नाही, असे म्हटले. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. व्यक्तिस्वातंत्र्यवाद्यांचा उपाय गणिताचा, आपल्या न्यायालयांचा उपाय कायद्याचा. पहिला बिटकॉइनमध्ये अपुरा पडला, आणि दुसराही नागरिकाने त्याचा आग्रह धरल्यावाचून पुरेसा ठरणार नाही. भाजीच्या जुडीचे पैसेही आपण आता नोंद ठेवून देतो. ती नोंद कोणी, किती दिवस आणि कोणाच्या हुकमाने वाचावी, हे विचारणे मुक्या नाण्याच्या काळात अनावश्यक होते. आज ते आपले कर्तव्य आहे.