नंदुरबार जिल्हा : उत्पन्न आणि वंचिततेचे मोजमाप

महाराष्ट्राच्या वायव्य टोकाचा, गुजरात व मध्य प्रदेशाला लागून असलेला आदिवासीबहुल जिल्हा. धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी तो अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादे, तळोदे, अक्कलकुवा व अक्राणी (धडगाव) हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १६,४८,२९५ भरली. तीत अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे ६९ टक्के (भिल्ल, पावरा, मावची, कोकणा इत्यादी). साक्षरता ६४.४ टक्के, राज्यात सर्वांत कमी. गरिबीच्या याद्यांत हे नाव हमखास वर असते; यादी कशी तयार झाली, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

जिल्ह्याची सरासरी फसवी आहे. तापीकाठच्या शहादे-नंदुरबार पट्ट्यात काळी जमीन, ऊस, केळी, पपई, मिरची व साखर कारखाना. तापी ओलांडून उत्तरेला सातपुडा चढला, की अक्राणी व अक्कलकुव्यात उताराची कोरडवाहू शेती, मोहाची फुले, चारोळी आणि नर्मदेच्या जलाशयाने तोडलेले पाडे. बागायतदार आणि त्याच्या शेतावरचा सालदार हे एकाच सरासरीत बसवले जातात. दरडोई उत्पन्नाच्या आकड्यावरून ही दरी दिसणार नाही, कारण तो आकडा वाटपाविषयी काही सांगतच नाही.

तो काढण्याची रीतही पाहण्याजोगी आहे. जिल्ह्याचे उत्पन्न म्हणजे जिल्ह्याच्या हद्दीत निर्माण झालेले उत्पन्न. दिवाळीच्या सुमारास सातपुड्यातील कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत उतरतात. तेथे त्यांच्या श्रमातून उभे राहिलेले मूल्य गुजरातच्या खाती जमा होते. भागाकाराच्या वेळी माणसे मात्र बहुधा नंदुरबारच्या लोकसंख्येत असतात. बहुधा म्हणण्याचे कारण असे, की २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीत, ऐन तोडणीत झाली.

घरोघर जाऊन विचारणेही सोपे नाही. मजुरी टनावर ठरते आणि मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामाअखेर तीतून वळती होते. नवरा-बायकोची जोडी हिशेबात ‘एक कोयता’ असते, त्यामुळे बाईची वेगळी कमाई कोणत्याच वहीत सापडत नाही. ‘महिन्याला किती मिळतात?’ या प्रश्नाला अशा घरात खरे उत्तर नसते. तहसील कचेरीतून मिळणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्यावर तर विसंबूच नये. त्यावरचा आकडा पुष्कळदा योजनेची मर्यादा पाहून ठरलेला असतो.

म्हणूनच अलीकडे उत्पन्नाऐवजी वंचितता मोजण्याकडे कल आहे. २००२ च्या दारिद्र्यरेषा पाहणीत १३ निकषांवर प्रत्येकी ० ते ४ गुण देत. नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक आरोग्य, शिक्षण व राहणीमान यांचे १२ निकष घेतो आणि भारित गुणांच्या एक-तृतीयांश वा अधिक बाबतींत वंचित असलेल्या घरातील सर्वांना गरीब धरतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणावर आधारलेल्या पहिल्या गणनेत नंदुरबारची निम्म्याहून अधिक लोकसंख्या गरीब ठरली; त्या वेळी राज्याचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास होते. पुढील सर्वेक्षणानंतर (२०१९-२१) जिल्ह्याचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशावर आले. ही घट खरी आहे, पण वीजजोड, संडास, बँक खाते हे निकष सरकारी योजनेने थोड्या वर्षांत बदलतात. हंगामी स्थलांतर त्यांच्यात मोजलेच जात नाही. शिवाय सर्वेक्षणाचा नमुना जिल्ह्यापुरता असल्याने अक्राणी आणि शहादे यांची तुलना त्यातून विश्वासाने करता येत नाही.

२०१८ पासून नंदुरबार केंद्र सरकारच्या ‘आकांक्षित जिल्हा’ कार्यक्रमात आहे. त्या कार्यक्रमात प्रगती ४९ निर्देशकांवर तपासली जाते. कुटुंबाचे उत्पन्न त्यांत नाही.