हळदीची नवरी आणि विको नाका

डोंबिवली पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत विको नाका आहे. रिक्षावाल्याला हे दोन शब्द पुरतात. ज्या कंपनीवरून हे नाव पडले, ती केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत परळला सुरू केली. तिची पहिली ओळख दंतमंजनाची. वज्रदंती हे नावच बळकटीचे, आणि मंजन घरातल्या सर्वांचे. पुढे १९७५ च्या सुमारास हळदीची क्रीम आली. दूरदर्शनच्या त्या काळात तिच्या जाहिरातीतून लोकांच्या लक्षात राहिली ती हळदीला बसलेली नवरी.

ही क्रीम प्रसाधन की औषध, हा उत्पादन शुल्काचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. औषध असल्याचा कंपनीचा दावा तिथे टिकला. औषधाला स्त्री-पुरुष भेद नसतो. पुटकुळ्या मुलग्यांनाही येतात. तरी कचेरीत जे औषध ठरले, ते पडद्यावर नवरीचा साज झाले.

दोष एकट्या या कंपनीचा नाही. १९१९ मध्ये मुंबईच्या ई. एस. पाटणवाला यांनी अफगाण स्नो बाजारात आणला. एका मुस्लिम उद्योजकाचे हे यश आम्हाला अभिमानाचे वाटते. पण स्नो म्हणजे बर्फ. रंगाची अपेक्षा नावातच होती. १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. बाई पदवीधर, रंगभूमी गाजवलेल्या. साबणाला त्यांची कांती तेवढी हवी होती. १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली आली आणि उजळ रंग म्हणजे चांगले स्थळ, पुढे चांगली नोकरी, असे गणित घरोघर पोहोचले.

पुरुषांची पाळी २००५ मध्ये आली. फेअर अँड हँडसमचा सांगावा असा, की मर्दाने बायकांची क्रीम चोरून का लावावी? त्याला वेगळी ट्यूब मिळाली. भेद तसाच राहिला. २०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेने सावळ्या माणसाला कमी लेखणाऱ्या जाहिरातींविरुद्ध नियम केले. २०२० मध्ये फेअर अँड लव्हलीने नावातला 'फेअर' शब्द काढला.

नाव बदलले. आपल्या बैठकीतला प्रश्न बदलला का? लग्नाआधीची हळद, उबटन आपल्या कितीतरी घरांत आहे. जाहिरातवाल्यांनी ही रीत आपल्याच अंगणातून उचलली आणि आपल्यालाच विकली. रिश्ता घेऊन आलेल्या बायका आजही आधी मुलीचा रंग पाहतात, मग शिक्षण विचारतात. मुलाच्या रंगाबद्दल कोणी ब्र काढत नाही. त्याची कमाई विचारली की झाले. सूरह रूममध्ये माणसांच्या भाषा आणि रंग यांचे वेगळेपण अल्लाहच्या निशाण्यांत सांगितले आहे. ही आयत आम्ही वर्गात शिकवतो. मग ज्या मुलीने ती पाठ केली, तिलाच 'जरा सावळी आहे' म्हणून नाकारताना आपण कोणाच्या निशाणीत खोट काढतो?

जाहिरातीला जाब विचारणे सोपे. आपल्या खालांना, फुफूंना, आणि स्वतःला विचारणे अवघड. पण सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

पेंढरकर हे नाव डोंबिवलीत एका महाविद्यालयाच्या पाटीवरही आहे. आमच्या मुलींना या नावाची ओळख क्रीमच्या ट्यूबवरून नव्हे, त्या पाटीवरून व्हावी, एवढेच मागणे.